‘काका’ म्हणायला टाळू लागते

मराठीत ‘टाळू’ दोन ठिकाणी राहते. एक डोक्यावर, एक तोंडात. बाळाची टाळू भरायची म्हणजे माथ्यावरच्या मऊ जागेत तेल जिरवायचं, हे कुठल्याही आजीला सांगावं लागत नाही. तोंडाच्या छतालाही टाळूच म्हणतात, हे मात्र शाळेत तालव्य व्यंजनं शिकताना एकदा कानावर पडतं आणि तिथंच राहतं. त्यामुळं बाळंतिणीच्या खाटेपाशी डॉक्टर ‘टाळू फाटलीय’ म्हणाले, की आजीचा हात आधी बाळाच्या डोक्यावर जातो. तिथं सगळं शाबूत लागतं. मग डॉक्टरला काही कळत नाही असं ठरतं आणि माथ्यावर दुप्पट तेल सुरू होतं. बेळगावच्या पट्ट्यात यात कानडीची भर पडते. सिस्टरबाई ‘सीळुतुटी’ म्हणतात, म्हणजे फाटका ओठ. तो दिसतो, म्हणून कळतो. आतली फट कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आणि नुसती टाळूच फाटलेली असेल, ओठ धड असेल, तर ती जन्मानंतर कित्येक दिवस, कधी कित्येक महिने निसटून जाते. ‘दूध नाकातून येतंय’ ही तक्रार ‘जास्त पाजलं असेल’ म्हणून उडवली जाते. बाळ जन्मलं त्याच दिवशी जीभ हलकेच दाबून, टॉर्चच्या उजेडात पार पडजिभेपर्यंत बघायला एक मिनिट लागतं. पडजीभ दोन टोकांची दिसली, तर वरून कातडी सलग असली तरी आतले स्नायू जुळलेले नसण्याची शक्यता धरायची. बोटानं चाचपून भागत नाही, बघावंच लागतं.

कारणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो आणि त्याचं उत्तर घरात तयार असतं: ग्रहण. ग्रहणात पोटुशीनं विळीवर भाजी चिरली, त्याचा चिरा बाळाच्या ओठावर उमटला. या उत्तराशी वाद घालण्यापेक्षा आठवडे मोजावेत. ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्यात. चेहऱ्याचे दोन्हीकडचे भाग मध्याकडं सरकत येतात आणि जिथं ते भेटायचे राहतात तिथं फट उरते. म्हणजे पाळी चुकल्याचं नक्की होईपर्यंत ओठाचं काम निम्मंअधिक झालेलं असतं. पाचव्या किंवा सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला चिरण्यासारखं काही शिल्लकच नसतं. आनुवंशिकता, फिटांची काही औषधं (व्हॅल्प्रोएट, फेनिटॉइन, टोपिरामेट), धूम्रपान यांनी धोका वाढतो हे माहीत आहे. तरी एखाद्या घरात एकच एक कारण सापडेल असं क्वचितच होतं. आईबापांत कुणाला नसताना एका मुलाला झालं असेल, तर पुढच्या मुलाला होण्याची शक्यता शेकडा तीन ते पाच. म्हणजे शंभरातली पंचाण्णव ते सत्त्याण्णव धडच. हा आकडा बाळंतिणीच्या सासूला ऐकवणं हे माझ्या मते उपचाराचाच भाग आहे, कारण ‘हिच्यात खोट आहे’ हे वाक्य एकदा घरात फिरायला लागलं की बाळाला तालुक्याला नेण्याचं भाडंसुद्धा निघत नाही.

निपाणीच्या बाजूला एक वेगळी गोष्ट सांगावी लागते. तंबाखूचं गाव, मिश्री चुलीवर भाजली जाते आणि गरोदर बाईच्या बोटावरही जाते. ती दात घासायचं साधन समजली जाते, तंबाखू म्हणून मोजलीच जात नाही. मिश्रीनं बाळाचं वजन कमी भरतं. फट असलेल्या बाळाच्या बाबतीत वजन म्हणजे ऑपरेशनची तारीख.

ती तारीख ठरवायची जुनी रीत ‘दहाचा नियम’ म्हणून ओळखली जाते: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. आजकाल ओठाचं ऑपरेशन बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांत होतं. ते पुढं ढकललं जातं तेव्हा फट कारण नसते. वजन भरलेलं नसतं, रक्त कमी असतं, किंवा आदल्या रात्री सर्दी झालेली असते. भूलतज्ज्ञ सर्दीच्या बाळाला परत पाठवतात तेव्हा घरच्यांना वाटतं टाळाटाळ आहे. श्वासनलिका सुजलेली असताना भूल दिली तर ती आवळून बसते, म्हणून ते पाठवतात. दोन-चार आठवडे गेले तर बिघडत नाही.

तर वजन. ते पाजण्यावर अवलंबून, आणि पाजणं फटीच्या जागेवर. फक्त ओठ फाटला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. आईनं स्तनानंच ती फट झाकली जाईल असं धरलं की जमतं. टाळू फाटली असेल तर बाळ कितीही जोर लावो, तोंडात ओढ तयार होत नाही, कारण हवा नाकातून आत येत राहते. फुटक्या नळीनं शहाळं ओढण्यासारखं ते आहे. बाळ तासभर छातीशी असतं, ओठ हलत असतात, आई समाधानी असते, आणि पोटात चमचाभर गेलेलं असतं. उलट ओढताना बाळ जेवढी ताकद घालवतं तेवढी त्या दुधातून भरून निघत नाही. हे पहिल्या पंधरवड्यात वजनकाट्यावरच कळतं. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं, त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला वीस-तीस ग्रॅम.

अशा वेळी बाटल्यांच्या दुकानात धावण्याआधी फळीवरचं बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायचं चोचीचं लहान भांडं, काढावं. कानडी घरात त्यालाच ओळले म्हणतात. आईनं हातानं काढलेलं स्वतःचं दूध आणि बोंडलं, एवढ्यावर बहुतेक बाळं वाढतात. मात्र आजीच्या पद्धतीत एक बदल करावा लागतो, आणि त्यावरच घरात सगळ्यात जास्त खटके उडतात. आजी बाळाला पसरलेल्या पायांवर आडवं घेऊन पाजते. फट असलेल्या बाळाला आडवं पाजलं तर दूध नाकात चढतं, तिथून कानाच्या नळीत, आणि श्वासाच्या वाटेला लागलं तर छातीत. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, डोकं आणि मान एका हातावर, पाठ उताणी नव्हे तर तिरकी. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवून ज्या बाजूला फट नाही त्या गालाकडं वळवायची. दूध ओतायचं नाही, सोडायचं: थोडं, मग गिळल्याचा आवाज, मग पुढचं. दर थोड्या वेळानं उभं धरून ढेकर, कारण ही बाळं दुधाबरोबर हवा फार गिळतात. एक पाजणं अर्ध्या तासाच्या आत आटोपायचं. त्यापुढं बाळ दमतं.

किती पाजायचं याचा हिशेब पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून किलोमागे दिवसाला साधारण दीडशे मिलीलिटर असा धरतात. तीन किलोच्या बाळाला साडेचारशे, म्हणजे आठ-नऊ वेळा पन्नास-पन्नास. प्रत्येक घरातलं बोंडलं वेगळ्या मापाचं असतं. औषधाच्या झाकणानं पाणी मोजून आपल्या बोंडल्यात किती मावतं ते एकदा बघून ठेवलं की रोजचा अंदाज चुकत नाही. दर वेळी ते धुऊन दहा मिनिटं उकळायचं, चोचीच्या सांध्यात सायीचा पातळ थर चिकटून राहतो तो ब्रशनं काढून. नाकातून थोडं दूध आलं तर घाबरायचं कारण नाही, पुसायचं आणि थांबायचं. पाजताना ठसका लागत राहिला, ओठ निळसर झाले, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या तर मात्र पाजणं बंद करून सरळ दवाखाना. जन्मतः हनुवटी अगदीच लहान आणि मागं गेलेली असेल तर जीभ मागं पडून श्वास अडतो; अशा बाळाचा पाजण्याचा प्रश्न घरी सोडवायचाच नाही.

न्हाऊ घालताना नाकात आणि कानात तेलाचे थेंब सोडतात, ते या बाळाला नको. खरं तर कुठल्याच बाळाला नको, पण सगळी भांडणं एका दिवशी काढू नयेत.

ओठाची फट रुंद असेल तर काही ठिकाणी ऑपरेशनच्या आधी टाळूला बसणारी अ‍ॅक्रिलिकची पट्टी देतात. न्यूयॉर्कमध्ये बॅरी ग्रेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत. बाळ जागं असताना, भूल न देता तोंडाचं माप घेतात. माप घेताना बाळ रडलेलं चांगलं, रडतंय म्हणजे श्वास चालू आहे. दर आठवड्या-पंधरवड्याला पट्टीचा एक भाग जेमतेम मिलीमीटरभर घासायचा, दुसऱ्या भागावर मऊ थर द्यायचा, म्हणजे हिरडीचे दोन तुकडे हळूहळू जवळ येतात. फट पाच मिलीमीटरच्या आसपास आली की नाकपुडीत जाणारा लहान टेकू जोडतात, त्यानं चपटी नाकपुडी उचलली जाते. पट्टी चोवीस तास तोंडात. दिवसातून एकदा काढून धुवायची आणि तेवढ्यात हिरडीवर कुठं लाल व्रण पडलाय का ते बघायचं. व्रण पडला तर बाळ दूध सोडतं, आणि मग नाकाच्या आकारासाठी वजन गमावल्यासारखं होतं.

कागदावर उत्तम. पण कणकुंबी-जांबोटीकडचं बाळ जूनमध्ये जन्मलं तर? जुलै-ऑगस्टात त्या पट्ट्यात जो पाऊस कोसळतो, त्यात दर आठवड्याला तान्ह्याला घेऊन बेळगाव गाठायचं ही आईची परीक्षा होते. पट्टीशिवायही चांगला ओठ शिवता येतो. येणंजाणं जमणार नसेल तर तसं पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं आणि ओठावर लावायची साधी चिकटपट्टी शिकून घ्यावी. गालावर आधी त्वचा राखणारा पातळ थर, त्यावर चिकटपट्टी. काढताना कोमट पाण्यानं भिजवून, ओढून नव्हे. पावसाळ्यात गाल ओलसर राहिले की पुरळ येतं, तेव्हा एक-दोन दिवस विश्रांती. अर्धवट वापरलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी वजनही घालवते आणि उमेदही.

ओठ शिवून झाला की घरात पेढे वाटतात. वाटावेत. फक्त दीड-दोन महिन्यांनी पेढे खाल्लेलेच लोक येऊन म्हणतात, ओठ पुन्हा वर ओढला गेलाय, ऑपरेशन फसलं. फसलेलं नसतं. व्रण साधारण सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत लाल, कडक आणि आखडलेला असतो. वर्षभरात तो मऊ आणि फिका होत जातो. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी सांगितलं की, बोटानं घट्ट दाबून मालीश करायची. मुलगी असेल तर आणखी एक. आपल्याकडं नथीसाठी डावी नाकपुडी टोचतात आणि एका बाजूची फट उजवीपेक्षा डावीकडंच जास्त आढळते. त्या नाकपुडीचं काम पुढं व्हायचं असतं, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्यांना विचारल्याशिवाय सोनाराकडं जायचं नाही.

टाळूचं ऑपरेशन साधारण नऊ ते बारा महिन्यांत, फार तर दीड वर्षापर्यंत. त्यानंतर दोन-तीन आठवडे पातळ आणि गुळगुळीत: गाळलेली पेज, नाचणीची आंबील, वरणाचं पाणी. चिरमुरे, टोस्ट, चकली बंद. चमचा आत खुपसायचा नाही, खालच्या ओठावरून सोडायचं. प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट पाणी. कोपर वाकू नये म्हणून हाताला पट्ट्या बांधतात त्या आजोबांना बघवत नाहीत आणि ते हळूच सोडतात. बाळाची बोटं थेट टाळूवर जातात आणि टाके सुटतात. मागं राहिलेलं भोक लहान असलं तरी वरणभात नाकात जातो.

आणि टाळू वर्षाच्या आसपासच का, थोडं मोठं झाल्यावर का नाही, याचं उत्तर आपल्या नात्यांच्या शब्दांत आहे. मराठी घरात बाळाला पहिले शब्द शिकवतात ते माणसांचे. ‘मामा’ म्हणताना हवा नाकातून जाते, तशीच जायला हवी. टाळू फाटकी असली तरी मामा येतो. ‘नाना’ही येतो. पण ‘बाबा’, ‘दादा’, ‘काका’, ‘ताई’ यांना तोंडात हवा कोंडून मग सोडावी लागते. हवा कोंडायची तर टाळूचा मागचा मऊ पडदा वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद व्हायला हवी. ती बंद होत नसेल तर ‘बाबा’चा ‘मामा’ होतो, ‘दादा’चा ‘नाना’. बाप कौतुकानं हसतो की पोरगं मला मामा म्हणतंय. सीमेवरच्या घरात ‘अप्पा’, ‘अक्का’ असतात, त्यांच्यात तर जोडाक्षर, हवा आणखी दाबून धरावी लागते. ‘आई’ला व्यंजनच नाही, ती सुटेल असं वाटतं, पण ‘ई’ हा स्वर नाकात फार शिरतो, म्हणून आईसुद्धा ‘आईं’ होऊन येते.

मूल बोलायला लागायच्या आत टाळू जुळली तर पडद्याला योग्य सवय लागायला वाव मिळतो. उशीर झाला तर मूल स्वतःची युक्ती शोधतं: तोंडात जमत नाही तर हवा घशातच अडवायची. ‘काकडी’ ऐवजी ‘आ-आ-ई’, मध्ये घशात बारीक आचके. ही सवय एकदा बसली की टाळू उत्तम शिवल्यावरही जात नाही, ती सोडवायला वाचा-उपचार लागतात. घरच्या घरी बघायचं असेल तर थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरून ‘पा-पा-पा’ म्हणायला लावायचं. चमच्यावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटतेय. ‘मा-मा’ला वाफ धरणारच, त्यात काही नाही. ऑपरेशननंतरही काही मुलांचा पडदा पुरेसा उचलत नाही, त्यांना दुसरं ऑपरेशन लागतं, साधारण पाचातल्या एकाला. शाळेत घालायच्या आधी ते ठरलेलं बरं.

फुगे फुगवा, शिट्टी वाजवा, मेणबत्ती विझवा, हा सल्ला गावोगाव मिळतो. फुंकर मारण्यानं उच्चार सुधारत नाहीत. फुंकरीचा सराव केला की फुंकर चांगली येते, ‘क’ येत नाही. ‘क’साठी ‘क’च घोटावा लागतो, आधी सुटा, मग ‘का-की-कू’, मग ‘काका’, मग ‘काकाची टोपी’. रोज दहा-पंधरा मिनिटं, आरशासमोर, घरच्या भाषेत. वाचा-उपचार करणाऱ्या बाई कानडीत बोलत असतील तर बिचकायला नको. प, ट, क, स दोन्ही भाषांत तेच. फक्त सरावाचे शब्द मुलाच्या रोजच्या तोंडातले मागून घ्यायचे. ‘घरात एकच भाषा बोला, मूल गोंधळतं’ असं सांगणारे भेटतात. दोन भाषांनी उच्चार बिघडत नाहीत. उगाच आजीला गप्प बसवलं जातं, आणि सगळ्यात जास्त बोलणारी तीच असते.

ऐकू येणंही इथंच अडकलेलं. कानाची नळी उघडणारा स्नायू टाळूला जोडलेला आहे. टाळू फाटकी तर कानात चिकट पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कळत नाही. मूल हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही, असा बोभाटा होतो. पहिल्या वर्षात एकदा आणि पुढं दरवर्षी कानाची तपासणी, एवढं तरी व्हायलाच हवं.

आता दात. दुधाचा दात पडला की आपण कौलावर फेकतो आणि उंदराकडं नवा मागतो. फेकायचीच वस्तू, तिला काय जपायचं, हा हिशेब तिथूनच सुरू होतो. फट असलेल्या मुलाच्या घरी तर ओठ आणि टाळूपायी सगळे इतके दमलेले असतात की दाताकडं बघायला कुणी उरत नाही. आणि भीतीही असते: टाके घातलेल्या ओठाला हात कसा लावायचा? त्यामुळं जिथं जास्त घासायला हवं नेमकं तिथंच ब्रश पोचत नाही.

फटीच्या कडेचे दात सरळ येत नाहीत. एखादा पटाशीचा दात नसतो, एखादा जादा असतो, एखादा आडवा किंवा थेट टाळूत उगवतो आणि घरच्यांना तो मांसाचा गोळा वाटतो. त्यांचं कवच बऱ्याचदा खडबडीत, खाचा पडलेलं. तसे खड्डे आणि डाग दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे दिसत असतील तर बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा संशय घ्यावा. गदगकडच्या मुंडरगी भागात ते फार दिसतं. एकाच बाजूला, फटीशी असतील तर ते फटीचेच. ओठ व्रणामुळं घट्ट असतो, उचलला जात नाही. म्हणून मुलाचे दात एकट्यानं नव्हे, दोघांनी बसून घासावेत: समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावायचे, मुलाचे पाय एकाच्या कमरेशी, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. डोक्याकडचा माणूस तर्जनीनं वरचा ओठ उचलतो आणि लहान डोक्याच्या मऊ ब्रशनं प्रत्येक वाकड्या दाताला सुटं घासतो. पेस्ट 1000 पीपीएम फ्लोराइडची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, आणि दाणा बेळगावच्या बासमतीचा धरा, जाड्याभरड्याचा नको. तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. शेवटी थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड पाण्याबरोबर जातं. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्याच्याच हातात. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ सुकते.

कीड कशी सुरू होते ते दिसतं, बघितलं तर. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ. खालचे पुढचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आश्रयानं वाचतात, म्हणून नुसतं तोंड उघडून खालचे दात बघितले तर सगळं छान वाटतं. ओठ उचलून बघायचं, महिन्यातून एकदा. पांढऱ्या रेघेवर फ्लोराइडचा लेप लावला, सवयी बदलल्या, तर ती थांबते. तपकिरी खड्डा झाला की थांबत नाही.

हा ऊस-गुळाचा मुलूख. संकेश्वर, चिकोडी, अथणीकडं गूळ ‘साखरेपेक्षा बरा’ म्हणून काकवीचं बोट बाळाच्या तोंडात जातं. दाताला गूळ आणि साखर सारखेच. फरक किती वेळा आणि किती चिकट यानं पडतो. गोड तोंडात गेलं की जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास लागतो. त्या हिशेबानं जेवणावर खाल्लेला कुंदा परवडला, तो विरघळून जातो. गोकाकचा करदंट डिंकामुळं दाढेच्या खाचेत तासभर बसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवसातून पाच वेळा चहात बुडवलेलं बिस्कीट, कारण ते कुणी गोड म्हणून मोजतच नाही. फट असलेल्या मुलाला कानासाठी, सर्दीसाठी सिरपही वारंवार मिळतात, आणि ती बहुतेक गोड असतात. रात्रीचं सिरप आधी, ब्रश नंतर. उलट केलं तर घासलेल्या दातावर साखरेचा हात फिरवून मूल झोपतं.

सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागं एक दाढ येते. काही न पाडता, गुपचूप. ती कायमची असते आणि घरोघरी दुधाची समजली जाते. किडलेली ही दाढ ‘पडेल की’ म्हणून सोडून दिलेली पोरं दर शाळेत सापडतील. तिच्या खाचा वेळेत सीलंटनं भरून घेतल्या तर ती वाचते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे चंदगड-गडहिंग्लजला. जन्मदाखला महाराष्ट्राचा, रेशनकार्ड सासरचं, कर्नाटकाचं. गरोदरपणात मिळालेलं तायी कार्ड (कानडीत तायी म्हणजे आई, आपल्या कानाला ताई) सासरी राहिलेलं. सरकारी योजनेत रेशनकार्डाचं राज्य बघतात, म्हणून बाळाचं नाव आधी त्यावर चढवून घ्यावं आणि सरकारी दवाखान्याचं पुढं पाठवल्याचं पत्र जपावं. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटका ओठ-टाळू आणि दातांची कीड दोन्ही आहेत, आणि तो सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडून नोंद होते. स्माइल ट्रेनसारख्या संस्था स्थानिक रुग्णालयांमार्फत मोफत ऑपरेशनं करवतात. बेळगावात दंत महाविद्यालयं आहेत, धारवाडला चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचं केंद्र आहे. शस्त्रक्रिया, दात आणि वाचा-उपचार जिथं एका छताखाली आहेत तिथं फाइल उघडावी. निम्म्या फेऱ्या वाचतात.

त्या फाइलमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीतल्या हाडाचं पान येतं. ओठ शिवला, टाळू शिवली, तरी वरच्या हिरडीच्या हाडात फट तशीच असते आणि तिच्या वर सुळा वाट बघत असतो. हाड नसेल तर तो कशातून उतरणार? त्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालेलं एक्स-रेत दिसलं की कमरेच्या हाडातला भुसभुशीत भाग काढून फटीत भरतात. त्याआधी आखडलेला वरचा जबडा रुंद करावा लागतो, तारेच्या स्प्रिंगनं, आणि ती स्प्रिंग दाढांना कड्या घालून बसवतात. सहाव्या वर्षीच्या त्याच दाढा आणि सोबत दुधाच्या दाढा. दुधाच्या दाढा चौथ्या-पाचव्या वर्षीच किडून काढल्या असतील तर कडी घालायला दाढ कमी पडते. तोंडात किडका दात तसाच असेल तर हाड भरण्याची तारीखच देत नाहीत. पू झाला तर भरलेलं हाड विरघळतं. फटीत उगवलेला जादा दात सहा-आठ आठवडे आधी काढतात, म्हणजे वरची हिरडी भरून येते. ऑपरेशननंतर मऊ जेवण, काही दिवस लंगडत चालणं आणि जखमेच्या बाजूला सांगतील तेव्हापासून मऊ ब्रश. हाड धरलंय की नाही ते काही महिन्यांनी एक्स-रेत दिसतं. धरलं असेल तर बहुतेक मुलांचा सुळा आपला आपण खाली सरकायला लागतो.